तुझ्या बोटीची माणसं

नायगाव, मुंबई
१४ डिसेंबर १९५८

आनंददादा,

वर 'जयभीम' लिहिलं तर तू कागद तिथेच घडी करून ठेवशील, आणि 'श्री' आता आपल्या घरात कोणी लिहीत नाही. म्हणून वरची जागा कोरी सोडली आहे. तुला हवं ते तिथे वाच.

मी मालन. अक्षर ओळखलं असशील. घर सोडून गेल्यापासून तुझी एक ओळ नाही. कलकत्त्याहून कुठल्याशा बोटीवर चढलास, एवढंच कानावर होतं. परवा तुझा दोस्त रमाकांत चाळीत आला आणि बोटीचं नावही सांगून गेला. बाबांना सांगावं की नाही, दिवसभर ठरेना. रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. त्यांनी आपलं ताट धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

तुझं नि बाबांचं जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही. मीही तेव्हा तुझ्याच बाजूची होते. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी महिनाभर देव्हाऱ्याला हात लावला नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली, तिचा जीव त्या देवांत, म्हणून सगळे गप्प होतो. आणि तू तिच्यासाठी नवस फेडायला जेजुरीला गेलास, नेमकं तेव्हाच त्यांनी आईचे देवांचे टाक उचलून समुद्रात टाकले. तू परत आलास तर कोनाडा रिकामा. दोन दिवसांनी आई गेली. तू म्हणालास, "देव घालवले, म्हणून आई गेली." बाबांनी उलटून एक शब्द काढला नाही. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही त्यांना.

ते राहू दे. मला नोकरी लागली हे तुला सांगायचं आहे. बी. ए. झाले आणि एका पर्यटन कंपनीत गाईड म्हणून लागले. मिस्त्रीसाहेब म्हणून पारशी गृहस्थ आहेत, त्यांची कंपनी. परदेशी बोट बंदराला लागली की तिच्या उतारूंना दिवसभर मुंबई दाखवायची आणि संध्याकाळी परत बोटीवर पोचवायचं, हे माझं काम.

दादा, आपण नायगावात वाढलो. समुद्र म्हणजे आपल्याला दादरची चौपाटी. बॅलार्ड पिअरच्या फाटकाच्या आत मी पहिल्यांदा गेले ती नोकरीच्या पहिल्या दिवशी. समोर पांढरी भिंत दिसली. मला वाटलं गोदाम असेल. मान वर करत गेले, करत गेले, तर वर खिडक्या, त्यावर आणखी खिडक्या, त्याच्यावर माणसं कठड्याला टेकून हसत होती, आणि ती भिंत हळूच हलली. तेव्हा कळलं की हीच बोट. पाठ केलेलं सगळं इंग्रजी मी विसरले. एवढं मोठं काही पाण्यावर तरंगतं यावर मला अजूनही विश्वास बसत नाही, आणि तू त्यात झोपतोस, उठतोस, जेवतोस.

आता मुद्द्याचं. तुझी बोट जानेवारीत, ऑस्ट्रेलियाहून विलायतेला जाताना, मुंबईला लागणार आहे. तिच्या उतारूंना फिरवायचं काम आमच्याकडे आहे. रमाकांत म्हणतो, बोट मुंबईला लागली तरी तू खाली पाय ठेवत नाहीस.

या वेळी ठेव. मी बोटीच्या जिन्याच्या तोंडाशी उभी असेन. निळं लुगडं नेसेन.

तुझी,
मालन


नायगाव
१९ जानेवारी १९५९

दादा,

तू उतरला नाहीस.

रागावून लिहीत नाही. काल जे पाहिलं, जे ऐकलं, ते अजून अंगातून गेलेलं नाही. तुला पहिल्यापासून सांगते. नीट वाच. मधलं सोडून शेवटाकडे जाऊ नकोस, ती तुझी जुनी सवय आहे.

आमच्याकडे डबे आणि पाण्याचे थर्मास उचलायला दत्ताराम म्हणून एक जण असतो. त्याला परवा ताप भरला. मी मिस्त्रीसाहेबांना म्हटलं, "उद्या रविवार आहे, माझे वडील येतील." घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" पण पहाटे उठून बघते तर त्यांनी दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला आणि काळी टोपी झटकून खिळ्याला लावलेली. कशाला येतात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तुझी बोट धुरक्यातून आली. आधी भोंगा. मग धुरक्यात एक जागा नुसती जास्त पांढरी दिसली, आणि ती पांढरी जागा वाढत वाढत आमच्या डोक्यावर आली. माझ्या शेजारी बाबा उभे होते. त्यांनी आयुष्य गिरणीच्या रिंगखात्यात काढलं. सुताच्या हजारो चात्या एकदम फिरताना बघितलेला माणूस तो, यंत्राला दचकणारा नव्हे. पण त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, "आपला आनंदा यातनं येतोय?"

जिना लागला. माणसं उतरू लागली, टोप्या घातलेली, काळे चष्मे लावलेली. मी सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणत होते आणि बाबा एकेकाचा चेहरा बघत होते. खलाशीही उतरले पाच-सहा. शेवटी जिना मोकळा झाला. बाबांनी डब्यांची टोपली उचलली आणि बसमध्ये नेऊन ठेवली.

आधी शहर. आमचा ड्रायव्हर राजाराम लालबागचा आहे. फ्लोरा फाउंटनशी त्याने न सांगता गाडी हळू केली. तिथे चौकाच्या कडेला हार ठेवलेले होते, ताजे. दोन बायका वाकून फुलं वाहत होत्या. एकीच्या मांडीवर टोपडं घातलेलं मूल. मिस्त्रीसाहेबांची ताकीद आहे की राजकारणाचं बोलायचं नाही, कारंजं दाखवायचं आणि पुढे जायचं. पण मागून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "ही फुलं कोणासाठी?"

मी म्हटलं, "या शहराची माणसं हे शहर आपल्या भाषेच्या राज्यात असावं म्हणून मोर्चे काढत होती. त्यांच्यावर गोळ्या चालल्या. त्यांच्यासाठी."

"तुमच्या ओळखीचं कोणी होतं?"

"आमच्या शेजारच्या चाळीतला एक मुलगा होता," मी म्हटलं. "मोर्चात नव्हताही. बघायला उभा होता."

त्या बाईंनी डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली आणि चौक मागे पडेपर्यंत तशाच बसल्या. त्यांचं नाव मिसेस डॉसन. तू ओळखतोस त्यांना.

मलबार हिलवरून त्यांना अख्खा उपसागर दाखवला. मग अपोलो बंदरावरून लाँचने घारापुरी. लाँचमध्ये त्या बाई काठी सावरत माझ्याशेजारी बसल्या आणि आपली हकिगत सांगू लागल्या. नवरा गेला, मेंढ्या विकल्या, आता विलायतेला मुलीकडे चालल्यात. मग म्हणाल्या, "रोज सकाळी माझी खुर्ची डेकवर जो मुलगा लावतो ना, तो तुमच्या मुंबईचाच आहे. ऊन कुठून येणार ते बघून लावतो. काल त्याला म्हटलं, उद्या तुझं गाव येणार, मजा आहे तुझी. तर म्हणाला, आई होती तोवर गाव होतं, आता तिथे माझं कोणी नाही."

मी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"आनंदा," त्या म्हणाल्या.

दादा, लाँच हलत होती ते बरं झालं. मी पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांना म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. आणि टोपली धरून बसलेत ना पलीकडे, ते आमचे वडील."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. कितीतरी वेळ त्या बाबांकडे बघत होत्या. बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतात बाई?" मी अक्षर न अक्षर सांगितलं. 'आता तिथे माझं कोणी नाही' हेसुद्धा. खोटं सांगायला हवं होतं का? मला सुचलं नाही.

घारापुरीला मिसेस डॉसनना डोलीतून वर न्यायचं ठरलं. डोलीवाले चौघे तयार होते, तरी बाबा टोपली डोक्यावर घेऊन शेवटच्या पायरीपर्यंत त्यांच्या बाजूने चालत राहिले. डोली तिरकी झाली की हात लावत. मधेच बाईंनी खुणेने विचारलं, थकलात का? बाबांनी मान हलवून नाही म्हटलं आणि हसले. त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहिलं.

लेण्याबद्दल तुला काय सांगू? मी तिथे आता बऱ्याचदा गेले आहे आणि दर वेळी तोंडाला कोरड पडते. बाहेर ऊन, आरडाओरडा, माकडं. खांबांच्या मध्ये पाऊल टाकलं की गार अंधार, आणि आपोआप आवाज खाली येतो, कोणी सांगावं लागत नाही. सरळ आत चालत जायचं. आधी काही दिसत नाही. मग अंधारातच एक गाल दिसतो. मग मिटलेल्या डोळ्याची पापणी. मग कळतं की आपण ज्याला भिंत समजत होतो तो एक चेहरा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन चेहरे, आणि आपण त्याच्या छातीच्याही खाली कुठेतरी उभे आहोत.

मी पाठ केलेलं बोलले. की लोक याला ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणतात, विद्वान म्हणतात की तिन्ही तोंडं शंकराचीच. बोलता बोलता बाबांकडे लक्ष गेलं आणि माझी जीभ अडखळली. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, ही बाबांनी नागपूरला हात वर करून घेतलेली प्रतिज्ञा. घरी आल्यावर त्यांनी ती आपल्याला म्हणून दाखवली होती. आणि आज मीच त्यांना या तिघांसमोर आणून उभं केलं होतं.

ते पुढे गेले. टोपली खाली ठेवली. हात जोडले नाहीत. टोपी मात्र काढली आणि छातीशी धरली. एवढे उतारू पुढे गेले, फोटो झाले, बाबा तिथेच. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, चला."

"थांब जरा." मग म्हणाले, "मी देव म्हणून बघत न्हाई हां मालन."

"मला ठाऊक आहे."

"पण बघतोय." त्यांनी बाजूच्या खांबावर तळवा ठेवला, छिन्नीचे घाव होते तिथे. "कुणी केलं गं हे? मानसानंच ना? मधल्याचं तोंड बघ. एवढं मोठं तोंड, पण कुणावर रागं भरलेलं न्हाई. तुझी आई निजल्यावर अशी दिसायची."

आणि दादा, त्या गर्दीत, हातात टोपी घेऊन बाबा रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते. तू त्यावरही बोट ठेवलं होतंस.

परत येताना लाँचच्या मागच्या टोकाला आम्ही दोघंच बसलो. बाबा आपणहून बोलू लागले. मी त्यांचे शब्द तसेच लिहिते.

"आनंदा जेजुरीला गेला त्या दिवशी तुझ्या आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, तुम्ही दीक्षा घेतलीत, मला यायला जमलं न्हाई. मी आता काही उठत न्हाई. मला तुमच्या संगं जायचंय, मागं ऱ्हायचं न्हाई. कोनाड्यातले देव काढा. मी म्हटलं, अगं, तुझा जीव हाय त्यांच्यात. म्हणाली, होता. सासूनं दिले म्हणून सांभाळले. पण रस्त्यावर टाकू नका, नदीनाल्यात टाकू नका, खोल पाण्यात नीट पोचवा. तिनं स्वतः उठून बसून एकेक टाक पुसला. लग्नातल्या खणात बांधला. मी वरळीच्या कोळीवाड्यात बाबुरावकडं गेलो, आमच्या गिरणीत होता तो पूर्वी. त्याच्या होडीतनं खोल गेलो आणि सोडले."

मी म्हटलं, "मग दादाला का नाही सांगितलंत? एवढं सगळं ऐकून घेतलंत त्याचं!"

"तिनं बजावलं होतं. म्हणाली, माझं पोर माझ्यासाठी अनवाणी गेलंय, पाय फोडून घेतोय तो. त्याला कळलं की हिकडं आईनंच देव सोडले, तर त्याचं चालणं फुकट गेलं असं वाटंल त्याला. तुमचं नाव सांगा. तुमच्यावर रागावला तर तुम्ही सोसाल. माझ्यावर रागावला तर त्याला ते सोसणार न्हाई."

लाँचचं इंजिन धडधडत होतं. बाबा म्हणाले, "तिला शब्द दिलाय. त्याला लिवू नको."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि आज लिहिते आहे. आईचा शब्द मोडते आहे, बाबांचाही. काल रात्रभर विचार केला. आईला तुझा राग माहीत होता. तो एवढा लांब जाईल, आपल्याच गावाच्या धक्क्यापाशी येऊन पाठ फिरवेल, हे तिला माहीत नव्हतं. तिला माहीत असतं तर तिनेच मला लिहायला बसवलं असतं, असं मी धरून चालते.

संध्याकाळी मिसेस डॉसन जिना चढताना थांबल्या. बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "मी त्याला सांगेन की तुम्ही आला होता." बाबांना शब्द कळले नाहीत. पण ते म्हणाले, "त्याला म्हणावं, जेवण वेळेवर कर." मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी सांगितलं का तुला?

मग बाबा फाटकाबाहेर जाऊन वर बघत राहिले. तुझ्या बोटीला किती खिडक्या आहेत रे. त्यातल्या एकाही खिडकीत तू नव्हतास का?

हे पत्र विमानाने एडनला पाठवते, तिथल्या एजंटाच्या पत्त्यावर.

मालन


नायगाव
१२ फेब्रुवारी १९५९

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पोर्ट सैदचं चित्र आहे, पांढरे मनोरे, निळं पाणी. मागे एक अक्षर नाही, नुसता पत्ता. पण पत्त्यात पहिलं नाव बाबांचं घातलं आहेस. 'श्री. कोंडीराम' असं. पोस्टमन चाळीच्या चौकातून तेच नाव घेऊन ओरडला. बाबा नळावर होते. ओल्या हातांनी धावत आले.

तेव्हाच मला सांगावं लागलं की मी तुला सगळं लिहिलं. ते फार चिडले. "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" म्हणाले. तीन-चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचं जेवले, पण बोलले नाहीत. कार्ड मात्र आईच्या फोटोखाली लावलं आहे. चाळीतलं कोणी आलं की ते निमित्त काढून त्या भिंतीकडे जातात. शेजारच्या गंगुबाईंनी विचारलं, "काय लिवलंय पोरानं?" तर म्हणाले, "बरा हाय म्हणतोय."

तुझी बोट मार्चमध्ये परत येते. ऑस्ट्रेलियाला जाताना या वेळी दोन दिवस थांबणार आहे. तुला ये म्हणणार नाही. मी जिन्याशी असेन, एवढंच. ते माझं कामच आहे.

मालन


नायगाव
१७ मार्च १९५९

दादा,

परवा तू गेलास. बोटीकडे निघताना इतका घाईत होतास की पुष्कळ बोलायचं राहिलं. शिवाय तू गेल्यावर जे झालं ते तुला ठाऊक नाही. म्हणून लगेच लिहिते.

आधी मला माझं सांगू दे. शनिवारी सकाळी सगळे उतारू उतरले, बसमध्ये बसले, राजारामने इंजिन सुरू केलं. मी जिन्याकडे पाठ फिरवली. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्या गाडीत एक जागा मिळेल का?"

तुझा आवाज जाडा झाला आहे. मी वळले. गळ्याला बटण लावलेला सदरा, अंग काळं पडलेलं, कानाशी केस पांढरे. माझ्या तोंडून निघालं, "तिकीट लागतं." कसं निघालं कोण जाणे. तू हसलास, आणि मग आपल्याला दोघांनाही हसता आलं नाही.

मला काम सोडून येता येत नव्हतं, म्हणून राजारामने तुला आपल्या शेजारी बसवलं. दादा, मी किती लोकांसमोर बोलले असेन, पण शनिवारसारखी कधी घाबरले नव्हते. तू समोर बसून ऐकत होतास. तुझ्याच गावाची गोष्ट तुला परक्या भाषेत सांगत होते. फाउंटनशी तू मागे वळून हळूच विचारलंस, "इथेच ठेवतात हार?" मी मान हलवली. तू गेलास तेव्हा त्या चौकात हार ठेवायची रीत नव्हती. तू खिडकीबाहेर बघत राहिलास. मलबार हिलवर सगळे समुद्राकडे तोंड करून उभे, आणि तू एकटा उलटीकडे, गिरण्यांच्या धुराड्यांकडे. मी उतारूंना म्हटलं, "तिकडे बघा. ती धुराडी दिसतात ना, तिथे या शहराचं कापड विणलं जातं. माझे वडील तिथे काम करतात." हे आमच्या ठरलेल्या बोलण्यात नाही. एका साहेबाने दुर्बीण लावून धुराडी बघितली. मग त्याने ती दुर्बीण तुझ्या हातात दिली. तू किती वेळ परत केली नाहीस.

घरी आपण पोचलो तेव्हा बाबा दारात होते. तुला पाहून ते बाजूला झाले, जसं पाहुण्याला वाट देतात तसे. तू चपला काढल्यास. मला वाटलं तू पाया पडशील, नाही तर भांडशील. तू कोनाड्याकडे बघितलंस. तिथे आता बुद्धाची लहान मूर्ती आहे आणि आईचा फोटो. तू म्हणालास, "कुठे सोडले ते दाखवाल?"

बाबा म्हणाले, "उद्या भरतीला."

तेवढंच बोलणं झालं, आणि त्यावर तिघंही जेवलो.

रविवारी वरळीला बाबुरावच्या होडीत मी बसले नाही. तुम्ही दोघं म्हणाला असतात तर आले असते, पण तुम्ही म्हणाला नाहीत आणि ते मला बरोबर वाटलं. मी किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या बायकांमध्ये बसले. होडी लाटांवरून वर जायची, खाली जायची, मग एवढीशी झाली. बाबुरावने वल्ही उचलून धरली, ते दिसलं. तुम्ही दोघं समोरासमोर बसला होतात. बराच वेळ. कोण बोललं, काय बोललं, मला कळायचं कारण नाही, मी विचारणारही नाही. एकदा तू वाकलास आणि पाण्यात हात घातलास. मग बाबाही वाकले. मी डोळे मिटले, कारण ते तुमचं होतं. शेजारची कोळीण म्हणाली, "गो बाय, रडतेस कशाक? पाणी शांत हाय आज." मला तिला सांगता येईना की रडण्यासारखं काहीच झालेलं नाही.

परत आलात तेव्हा बाबांचा हात तुझ्या खांद्यावर होता. होडीतून उतरायला आधार म्हणून धरला असेल. पण वाळू लागली तरी त्यांनी काढला नाही, आणि तू काढू दिला नाहीस.

हे सगळं तुला ठाऊक आहे. आता पुढचं ऐक.

तुला बॅलार्ड पिअरच्या फाटकाशी सोडून आम्ही निघालो. मला वाटलं बाबा घरी जातील. तर म्हणाले, "बोट बाहेर पडताना कुठनं दिसंल?" मी म्हटलं, इथून आत सोडणार नाहीत. म्हणाले, "मग वरळीला जाऊ." पुन्हा वरळी! किल्ल्याखालच्या खडकांवर जाऊन बसलो. ऊन उतरलं होतं. बाबुरावची बायको, दोन-चार कोळणी, जाळं विणणारे म्हातारे, सगळे तिथे. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं की बोट येणार आहे.

फार वाट बघावी लागली. दक्षिणेकडून कुलाब्याच्या मागून ती निघाली तेव्हा आधी नुसता धूर दिसला. मग ती सगळी दिसली, पांढरी, उन्हात केशरी झालेली. पाण्यावर ठेवलेलं एक शहरच दादा, आणि आवाज अजिबात नाही. जाळं विणणाऱ्याने सुई थांबवली. जवळून बघितली तेव्हा माझा थरकाप उडाला होता. परवा लांबून बघताना वाटलं, एवढं मोठं असून किती सावकाश जातं हे, कोणाला धक्का न लावता.

बाबा उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि हलवायला लागले. मी म्हटलं, "बाबा, इतक्या लांबून नाही दिसायचं." ते ऐकेनात. म्हणाले, "तो बघतोय." मग कोळणींकडे वळून, मोठ्याने, चाळीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ती बोट बघितलीत का? माझा थोरला हाय तीवर. समद्या डेकवरच्या खुर्च्या तोच लावतो. ऊन बघून लावतो."

एक कोळीण उठली आणि तिनेही पदर हलवला. मग दुसरी. मग आम्ही सगळ्यांनीच.

बोट क्षितिजाशी गेली, दिसेनाशी झाली, तरी बाबांचा हात खाली येईना. काल आणि आज त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली आहे, आणि मला उत्तर देता येत नाही, म्हणून तुला विचारते. कोलंबोला पोचलास की लगेच कळव. सूर्य बुडताना तू डेकच्या कुठल्या बाजूला उभा होतास?

तुझी,
मालन